वाळ्याचा साबण

"आक्का, कोण गेलं गं?"

नाना बेसिनसमोर उभे होते. उजवा तळवा गालावर होता. तो वर सरकला, खाली आला, पुन्हा वर सरकला. आत्या मोरीच्या दारात उभी होती आणि मी तिच्या मागं. 

"चार-पाच दिवसांची आहे," ते आरशात बघत म्हणाले. "जास्त असेल, कमी नाही. मी रोज दाढी करतो. सुतकाशिवाय मी दाढी राखत नाही. म्हणजे कुणीतरी गेलंय."

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नानांनी उभा जन्म काढला. रसाच्या नमुन्यात काय निघालं हे सांगताना त्यांचा आवाज जसा व्हायचा, तसाच तो आत्ता होता.

"तू इथं आहेस, आक्का. म्हणजे तू नाहीस. वैजू आहे. आपला विलास?"

"विलासला काय धाड भरलीय? बरा आहे तो," आत्या म्हणाली.

"मग?"

त्यांची नजर आरशातूनच आमच्या मागं गेली, स्वयंपाकघराच्या दाराकडं. तिथं कुणी नव्हतं. हात गालावर थांबला. मला त्या क्षणी रोज वाटायचं की यांच्या डोळ्यांवर आपण हात ठेवावा, यांना पुढं जाऊ देऊ नये.

"वैजू, आई कुठंय?"

मी खाली बघितलं. तेवढं पुरलं. नानांच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि ते भिंतीला पाठ घासत ओल्या फरशीवर बसले.

आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. अग्नी नानांनीच दिला होता. मी मुलगी, मला भाऊ नाही. चुलतभाऊ विलास पुढं आला, तर नानांनी त्याचा हात बाजूला केला होता. घाटावरच्या सगळ्यांना वाटलं, माणूस शुद्धीवर आहे. घरी येऊन अंघोळ झाली आणि त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "इंदू, चहा टाक गं." तेव्हापासून रोज हेच. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं, पण गालावरचे केस किती दिवसांचे हे त्यांना अचूक कळायचं. रोज सकाळी ते दाढीला उभे राहायचे, रोज त्या केसांवरून हिशेब मांडायचे, आणि रोज आईपाशी पोचायचे. आणि दाढी तर रोज वाढतच होती.

त्या सकाळी त्यांचे ओठ काळसर पडले. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी नाडी धरली, झोपेचं इंजेक्शन दिलं. जाताना मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "छातीत स्प्रिंग बसवलेला माणूस आहे, ताई. एकदा बसलेला धक्का वेगळा. हे रोज सकाळी पहिल्यांदा कळतंय त्यांना. किती वेळा झेपेल, मी सांगू शकत नाही."

मी आत आले. आत्या नानांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होती.

"आत्या, त्यांची दाढी काढूया."

तिनं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"दाढीवरूनच त्यांना कळतं. गाल साफ असला तर विचारणार नाहीत."

"डोकं फिरलं काय गं तुझं? अग्नी दिलाय त्यानं. दहाव्याला नदीवर न्हावी बसायचा, तोवर पातं लावायचं नाही अंगाला. उद्या पिंडाला कावळा शिवला नाही तर कुणाला विचारायचं? तुझ्या त्या कपाटभर पुस्तकांना?"

"आणि दहाव्यापर्यंत नाना राहिले नाहीत तर?"

"असं अभद्र बोलू नकोस." तिचे हात चोळायचे थांबले. "इंदूची वाट अडवायची का आपण? आयुष्यभर कुणाच्या वाटेत आली नाही ती."

 आत्या माझ्याइतकीच घाबरलेली होती. तिची भीती मेलेल्या माणसासाठी होती, माझी जिवंत माणसासाठी.

दुपारी जेवणं उरकली. आत्या पुढच्या खोलीत चटईवर आडवी झाली. नाना इंजेक्शनच्या गुंगीत होते. उठले की सकाळचं सगळं पुसलेलं असणार आणि हात गालाकडं जाणार. त्याआधी मला तयारी करायची होती.

पहिली अडचण साबणाची होती. नाना विकतचा साबण जसाच्या तसा कधी वापरायचे नाहीत. "हा कच्चा माल," म्हणायचे. दाढीच्या साबणाच्या साध्या वड्या आणून ते त्या किसायचे, वितळवायचे, त्यांत आपल्या मनाजोगतं काय काय घालायचे आणि जाड काचेच्या वाटीत ओतून ठेवायचे. हिवाळ्यात चंदन, एरवी वाळा. आई गेली त्या दिवशी आत्यानं ती वाटी उचलून कचऱ्यात टाकली होती. सुतकात घरात वासाची वस्तू नको. दुसरा कुठलाही साबण मी पुढं केला असता तर नानांनी हुंगून बाजूला सारला असता आणि मोकळा झालेला हात गालाकडं गेला असता.

वड्या कपाटात होत्या. वाळ्याच्या अत्तराची बोटभर बाटली औषधांच्या खणात मागं सापडली. रेझर आणि ब्रश आई गेल्यापासून माझ्याकडं होते. नानांच्या हाती पातं एकट्यानं पडू नये म्हणून ती रोज स्वतः काढून द्यायची आणि दाढी होईपर्यंत शेजारी उभी राहायची. मी बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि किसणी काढली.

पाणी तापत ठेवलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं. वडी किसायला लागले. आवाज होऊ नये म्हणून हळू किसत होते, तरी तो खरखर आवाज मला घरभर ऐकू येतोय असं वाटत होतं.

"जाड किसतेयस."

मी दचकले. नाना दारात उभे होते. केस विस्कटलेले, धोतराचा सोगा एका हातात. दुसरा हात मोकळा. तो कमरेपासून वर यायला लागला.

"तुम्हीच करा ना," मी किसणी त्यांच्या हातात जवळजवळ कोंबली. "मला जमत नाहीये."

ते पाटावर बसले. वडी हातात फिरवून बघितली, किसणी मांडीवर तिरकी टेकवली आणि किसायला लागले. बारीक पांढरा कीस ताटलीत पडू लागला. मी त्यांच्या हातांवरून नजर काढत नव्हते. एवढंच ठरवलं होतं: हे हात रिकामे राहू द्यायचे नाहीत.

"आईनं सांगितलं का करायला?" त्यांनी विचारलं.

"हं."

"बरोबर. संपतच आला होता." ते स्वतःशी हसले. "तिला वास आवडतो. म्हणते, बाजारातल्या साबणानं तुम्ही हापिसातल्या साहेबासारखे वाटता."

मी पातेल्यात कीस टाकला आणि चमचा त्यांच्या हातात दिला. ते ढवळू लागले. कीस आधी ओल्या भातासारखा गोळा झाला, मग कडेनं सैल पडला.

"ग्लिसरीन घाल. चमचाभर. घाई नको, धार धर. आता एरंडेल. थेंब टाक, थेंब! भजी तळायची नाहीयेत."

"एरंडेल कशाला?"

"फेस टिकतो. नुसत्या साबणाचा फेस उठतो आणि बसतो. निवडणुकीतल्या उमेदवारासारखा." त्यांनी चमचा वर धरून धार बघितली. "तू हे कधी विचारलं नाहीस आधी."

"आता विचारतेय."

"पुस्तकात डोकं घालून बसायचीस. आई म्हणायची, राहू दे, तिचे हात पुस्तकांचे आहेत."

गॅस बंद केला. त्यांनी मला अत्तर लगेच घालू दिलं नाही. गरम असताना घातलं तर वास उडून जातो, हे मला तेव्हा कळलं. पण त्या थांबण्यात त्यांचे हात मोकळे होते. एक पाटावर टेकलेला. दुसरा गुडघ्यावर. गुडघ्यावरचा उचलला गेला, हनुवटीच्या दिशेनं निघाला.

"नाना! हे बघा, साय येतेय का यावर?"

हात पातेल्याकडं वळला. त्यांनी करंगळी बुडवून बघितली. "येऊ दे. आता घाल. पाच-सहा थेंब."

बाटलीचं बूच काढलं आणि वाळ्याचा वास उठला. ओल्या मातीसारखा, गार, पाणी मारलेल्या जुन्या पडद्यासारखा. मी धावत जाऊन दार पुन्हा लोटलं आणि फटीशी जमिनीवर फडकं लावलं. वेडेपणा होता तो. वास फडक्यानं थांबतो थोडाच. पलीकडं आत्याचं घोरणं ऐकू येत होतं. मी ते मोजत असल्यासारखी ऐकत राहिले.

"काय झालं गं?" नानांनी विचारलं.

"मुंग्या येतात."

साबण पुरता बसायला दिवस लागतो. मी तो दुसऱ्या एका वाटीत ओतला, वाटी गार पाण्यात धरून वरवर गोठवला आणि ब्रश गरम पाण्यात बुडवून त्यांच्यापुढं केला. त्यांनी झटकून पाणी काढलं, वाटीत ब्रश गोल फिरवायला सुरुवात केली. आधी मोठे मोठे बुडबुडे आले.

"हा फेस नव्हे. हे साबणाचं पाणी." पुन्हा फिरवलं. बोटाच्या टोकानं दोन थेंब पाणी. पुन्हा. बुडबुडे बारीक झाले, मग दिसेनासे झाले, आणि वाटीत कवडीच्या दह्यासारखं काहीतरी दाट, चकचकीत जमलं. त्यांनी ब्रश उलटा धरला. थेंबही पडला नाही. "हां. याच्यावर पातं सरकतं. कोरडा राहिला तर ओढतं, पातळ झाला तर कापतं."

तो ब्रश त्यांनी आपणहून गालाला लावला. मी श्वास धरला. केसांमधून ब्रश गोल फिरला, पांढरा थर चढला, गाल, हनुवटी, गळा. बोटं कातडीला लागली नाहीत. चेहरा पूर्ण पांढरा झाला तेव्हा मी श्वास सोडला. दाढी दिसत नव्हती, हाताला लागणार नव्हती. आता फक्त पातं.

"द्या, मी करते," मी म्हणाले.

"तू?" पांढऱ्या चेहऱ्यातून डोळे माझ्याकडं बघत राहिले. "तुला येतं?"

"शिकवा."

मी आयुष्यात कुणाची दाढी केली नव्हती. रक्त पातळ करायची गोळी नाना रोज घेत होते. साधं नख लागलं तरी रक्त थांबता थांबायचं नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, मान मागं टेकवली. गळ्यावरची शीर उडताना दिसत होती. मी रेझर धरलेलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

"कातडं ताण," ते म्हणाले. "वरून खाली. दाबू नकोस. वजन रेझरचंच पुरतं."

पहिला फटकारा कानाशेजारी मारला. खर्रकन् आवाज आला. दुसरा. पातं केसांत अडकत होतं. रोजच्या दाढीचं काम करणारं ते पातं, त्याला एवढ्या वाढीची सवय नव्हती. मी रेझर मगात बुडवून धुतला आणि तो पाण्याचा मग टेबलाच्या मागं सारला, आतलं त्यांना दिसू नये म्हणून. पाण्यावर करडे केस तरंगत होते.

"आवाज जास्त येतोय," नाना म्हणाले.

मी थांबले.

"रोज एवढा आवाज येत नाही. किती दिवसांची आहे गं?"

"पातं जुनं आहे, नाना."

"पातं मी सोमवारी बदलतो." त्यांचे डोळे मिटलेले होते, पण पापण्यांखाली बुबुळं हलत होती. "मग दाखव बघू पाणी."

"हलू नका ना. लागेल."

ते हलले. मगाकडं बघायला मान वळवली आणि पातं जबड्याखाली टेकलं. काही झालं नाही असं वाटलं. मग पांढऱ्या फेसात एक गुलाबी रेघ उमटली, ती लाल झाली, आणि त्या लालीतून धार निघून गळ्याकडं चालली.

मी टॉवेल दाबला. टॉवेल भिजला. घडी बदलून दाबला, तोही भिजला. "नाना, नाना," एवढंच माझ्या तोंडून येत होतं. ते शांत बसून होते, काय झालंय ते त्यांना कळलेलं नव्हतं.

"काय चाललंय इथं?"

दार उघडलं होतं. फडकं आत्याच्या पायात आलं होतं. तिनं नानांचा अर्धा पांढरा, अर्धा उघडा चेहरा बघितला, माझ्या हातातला टॉवेल बघितला. नाक वर करून एकदाच वास घेतला. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही मला मारणार.

"आक्का, ये," नाना म्हणाले. "वैजू दाढी करतेय माझी. शिकतेय. जरा रागावू नकोस तिला."

आत्या तशीच उभी राहिली. मग वळून गेली. मला वाटलं, गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तुरटीचा खडा होता. तो पाण्यात बुडवून तिनं माझा हात बाजूला ढकलला, टॉवेल काढला आणि खडा जखमेवर घट्ट दाबून धरला. नाना चुरचुरल्यानं "स्स" करून हलले, तसा तिनं डावा हात त्यांच्या कपाळावर ठेवून डोकं आपल्या पोटाशी टेकवलं.

"लहानपणी असाच हलायचास कान टोचताना," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "हलू नकोस, दत्ता."

रक्त मंदावलं. थांबलं. आत्या खडा काढत नव्हती.

"कर आता पुढं," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "अर्धवट ठेवायची नसते. नदीवर काय सांगायचं ते मी बघेन."

मी उरलेली दाढी केली. आत्यानं डोकं धरून ठेवलं होतं. पातं सरकत राहिलं. शेवटचा फटकारा मारून मी रेझर खाली ठेवला.

नानांचा हात वर आला. आता मी अडवला नाही. तळवा गालावरून खाली आला, वर गेला. गुळगुळीत. ते गाल चाचपत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. सुटकेची वाट बघत होते.

"छान," ते म्हणाले. मग बोटं जबड्याखाली सरकली, हळू झाली. "आईला हाक मार. हनुवटीखाली राहिलंय का, ती बघते. रोज बघते."

ठरवलेलं उत्तर जिभेवर होतं. मावशीकडं मिरजेला गेलीय. उद्या येईल. उद्याही हेच सांगायचं, परवाही. आत्यानंही ते ओळखलं असावं. ती भिंतीकडं बघत होती.

मी पुढं होऊन त्यांच्या हनुवटीखाली बोटांची पाठ फिरवली. "काही राहिलं नाही, नाना."

त्यांनी माझी बोटं धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"तिचा हात गार असतो," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. गालावर काही नव्हतं, आरशावर टॉवेल होता, मगातलं पाणी टेबलामागं होतं. तरी त्यांच्या डोळ्यांत ते सकाळचं यायला लागलं. मला वाटलं, माझा जीव आता जाईल. मी तोंड उघडलं, मिरज म्हणायला.

"थांब," नाना म्हणाले. "आत्ता नको बोलूस. तोंड पुसू दे मला. मग सांग."

मी कोरडा टॉवेल दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरला आणि खाली घेतला नाही. टॉवेलवर त्यांच्या श्वासाची हालचाल दिसत होती. आत्याचा हात अजून त्यांच्या कपाळावर होता.

तेव्हा मला दिसलं, एवढ्या दिवसांच्या सकाळी गेल्या आणि आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. आम्ही खाली मान घालून उभ्या राहिलो होतो. ते एकटेच गालावरच्या केसांवरून शोधत आईपाशी जायचे, आणि तिथं पोचले की तिथंही त्यांच्याबरोबर कुणी नसायचं.

टॉवेल खाली आला. चेहरा स्वच्छ होता, जबड्याखाली एक बारीक लाल रेघ. त्यांनी धोतराचा सोगा नीट केला, खुर्चीत ताठ बसले.

"हं. सांग."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि सांगितलं. आई गेली, हे सांगितलं. कुठं, कशी, कुणाच्या मांडीवर, ते सगळं सांगितलं. अग्नी तुम्ही दिलात, नाना, विलासला पुढं येऊ दिलं नाहीत, तेही सांगितलं.

ते रडले. आत्या रडली. मीही, आई गेल्यापासून पहिल्यांदा.

नानांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवणार नाही, हे मला त्या संध्याकाळीच माहीत होतं. रात्र सरली. उजाडायच्या आत मी उठले आणि त्यांना जाग यायच्या आधी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. भीती कालच्याइतकीच होती. नाना कुशीवर झोपले होते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांनी डोळे उघडायची वाट बघत राहिले.